अंड्यातली रक्तवाहिनी आणि मिरजेचा वॉर्ड



कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजे आपल्या अण्णांच्या स्मरणार्थ बोलायला उभं राहणं ही रसायनशास्त्राच्या शिक्षकाला फार मोठी गोष्ट वाटते. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ साली ती साताऱ्यात आली, आणि वसतिगृहातल्या मुलांच्या पोटाला मिळावं म्हणून अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा विकलं. हे आपण सगळे जाणतो. आज त्या मुलांची नातवंडं-पतवंडं साताऱ्यात, कराडला, सांगलीत प्रयोगशाळेत उभी राहून आजवर कुणीच न बनवलेला एखादा रेणू तयार करत असतात. अण्णांच्या नावानं बोलायचं तर या मुलांच्या कामाबद्दलच बोलावं, असं मी ठरवलं.

विषय ऐकायला रुक्ष वाटेल. कर्करोगाच्या गाठीला रक्त पोचवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखणारी रसायनं, आणि त्यांची तपासणी. पण या सभागृहात असं घर क्वचितच असेल, की ज्या घरातलं कुणी ना कुणी मिरजेच्या दवाखान्यात किंवा परळच्या टाटा रुग्णालयात फाइल हातात धरून रांगेत बसलेलं नाही. त्या फाइलचा आणि आपल्या महाविद्यालयातल्या प्रयोगवहीचा काही संबंध आहे का? असायला हवा का? मला वाटतं, हवा. आज तो फार थोडा आहे. नवी संयुगं तयार करणारे हात आपल्याकडं भरपूर आहेत; तयार झालेल्या संयुगाचा शेवटपर्यंत पाठपुरावा करणारी व्यवस्था आपण उभी केलेली नाही. हेच माझं आजचं सांगणं आहे. बाकी सगळं त्याच्या आधारासाठी.

सुरुवात एका शल्यचिकित्सकापासून करू. डॉ. ज्यूडा फोकमन, अमेरिकेतले. १९६०च्या सुमारास ते नौदलाच्या सेवेत होते आणि सशाची थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात, जिवंत ठेवण्याचे प्रयोग करत होते. त्या ग्रंथीत त्यांनी उंदराच्या कर्करोगाच्या पेशी सोडल्या. पेशी वाढल्या, आणि एक-दोन मिलिमीटरची गाठ झाली की थांबल्या. मेल्या नाहीत, थांबल्या. तीच गाठ उचलून जिवंत उंदरात ठेवली, की झपाट्यानं वाढे. फरक कशाचा होता? काचेतल्या ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या. उंदरात फुटत होत्या.

ऑक्सिजन रक्तवाहिनीपासून फार लांब झिरपत जात नाही. मिलिमीटरचा एक-दोन दशांश, बस. त्यापलीकडची पेशी गुदमरते. म्हणजे गाठीला वाढायचं असेल तर तिला स्वतःसाठी नवी वाहिनी ओढून आणावीच लागते. आपल्या सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागाला हे समजावून सांगायची गरज नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या शेतकऱ्यानं म्हैसाळ आणि टेंभू उपसा योजनांच्या पाण्यासाठी किती वर्षं मागणी लावून धरली, आणि पाणी आल्यावर तिथलं शिवार कसं बदललं, ते तुम्ही पाहिलं आहे. गाठही अशीच मागणी लावते. गुदमरलेल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात, ते जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरापर्यंत पोचतं, आणि तिथून नवा फाटा फुटून गाठीकडं निघतो. डॉक्टर मंडळी या क्रियेला अँजिओजेनेसिस म्हणतात.

नोव्हेंबर १९७१ मध्ये फोकमन यांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की ही वाट अडवली तर गाठ उपाशी ठेवता येईल. कितीतरी जाणकारांनी ते मनावर घेतलं नाही. गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या म्हणजे निव्वळ सूज, असं तेव्हा मानलं जाई. १९८९ साली नेपोलिओने फेरारा यांनी व्हीईजीएफ शुद्ध स्वरूपात वेगळं केलं आणि ओळखलं, तेव्हा कुठं अडवायचं नेमकं काय, ते हाती आलं. मधली अठरा वर्षं फोकमन आणि त्यांचे सहकारी काय करत होते? वाहिनी मोजायची कशी, याच्या पद्धती शोधत होते. माझ्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावं. औषधाच्या आधी मोजमाप आलं.

त्या मोजमापांपैकी एक आपल्या साध्या महाविद्यालयातही करता येतं. ते कोंबडीच्या अंड्यावर होतं. ते मी सविस्तर सांगणार आहे, कारण आपल्या भागात या विषयाचा दरवाजा इथंच उघडतो.

आधी संयुग. आपल्या विभागांत बहुतेक वेळा नायट्रोजन, गंधक किंवा ऑक्सिजन असलेली कडी बनवतात: थायाझोल, पिरिमिडिन, क्विनोलिन, पायरान. एखादा अल्डिहाइड घ्यायचा, थायोसेमिकार्बाझाइड घालायचं, मग फिनॅसिल ब्रोमाइड. त्या बाटलीचं झाकण उघडलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. फ्यूम कपाट नीट चालत नसेल तर अख्खी लॅब बाहेर येते. गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये ढवळत ठेवायचं, टीएलसीच्या पट्टीवर एकच ठिपका येईपर्यंत शुद्ध करायचं, मेल्टिंग पॉइंट घ्यायचा, रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर चाचणीसाठी चिमूटभर नमुना बाहेर पाठवून अहवालाची वाट बघायची. अल्डिहाइड बदलला की संयुग बदलतं. अशी दहा-पंधरा भावंडं तयार होतात, आणि शोधनिबंधात त्यांची तक्ताभर रांग लागते.

आता अंडं. हॅचरीतून फलित अंडी आणायची. दुकानातली चालत नाहीत. अल्कोहोलनं पुसून इन्क्युबेटरमध्ये, साधारण ३७ अंश सेल्सिअसला, दमट हवेत ठेवायची. तिसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडं दिव्यासमोर धरलं, की तांबूस जाळी दिसते आणि मधे हलणारा एक ठिपका. ते हृदय. ज्या विद्यार्थ्यानं ते पहिल्यांदा पाहिलं, तो काही क्षण बोलत नाही. टोकाला बारीक भोक पाडून सिरिंजनं दोन-तीन मिलिलिटर पांढरं काढून घेतात, म्हणजे आतला पडदा कवचापासून सुटतो. मग कवचाला नाजूक कात्रीनं छोटी खिडकी, आणि तिच्यावर चिकटपट्टी. या पडद्याचं नाव कोरिओअ‍ॅलंटॉइक पडदा. पिल्लाचा श्वास त्याच्यातूनच चालतो, म्हणून त्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, आणि ते त्या दिवसांत तासातासाला वाढत असतं. सातव्या-आठव्या दिवशी फिल्टर पेपरची पाच मिलिमीटरची चकती संयुगात भिजवून त्या पडद्यावर ठेवायची. खिडकी बंद. दोन दिवसांनी उघडून सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायचा आणि चकतीखालचे फाटे मोजायचे.

संयुगानं काम केलं असेल तर चकतीखाली मोकळी, फिकट जागा दिसते आणि वाहिन्या तिला वळसा घालून गेलेल्या असतात. तो फोटो विलक्षण सुंदर असतो. आणि नेमका तिथंच धोका आहे.

का? कारण पडदा फिकट पडण्याची कारणं अनेक. संयुग साधं विष असेल तर वाहिनीही मरते आणि शेजारची प्रत्येक पेशीही मरते. संयुग पाण्यात विरघळत नाही म्हणून ते डीएमएसओमध्ये विरघळवतात. डीएमएसओ जास्त झालं तरी पडदा बिघडतो. चकती कोरडी पडली, कवचाची भुकटी आत पडली, तरी वाहिन्यांची दिशा बदलते. म्हणून काही अंड्यांत नुसती डीएमएसओची चकती हवी, काहींत ज्ञात रोधक औषधाची, काहींना हातच लावायचा नाही. आणि फाटे मोजणाऱ्याला कोणतं अंडं कोणतं, हे ठाऊक असता कामा नये. ज्यानं वर्षभर खपून संयुग बनवलं, त्याच्याच हाती मोजणी दिली तर त्याची आशा मोजणीत उतरणारच. यात लबाडीचा प्रश्न नाही, मनुष्यस्वभाव आहे. म्हणून मोजायला दुसरा माणूस बसवा. एवढी शिस्त पाळली तर सांगलीतल्या किंवा साताऱ्यातल्या अंड्याची साक्ष बॉस्टनमधल्या अंड्याइतकीच ग्राह्य आहे. कोंबडीला महाविद्यालयाचं नाव कळत नाही.

पण साक्ष कशाची? एवढीच, की या मात्रेला, या पडद्यावर, या दोन दिवसांत नवे फाटे कमी फुटले. कर्करोग बरा होतो, ही साक्ष अंडं देत नाही. हे मी जोरानं सांगतो आहे, कारण पुढचा टप्पा अनेकदा वर्तमानपत्रातल्या मथळ्यात पार पडतो.

खरा पुढचा टप्पा पेशींचा. पेशी काचेच्या बाटलीत वाढवण्याची आपल्या देशातली पहिली प्रयोगशाळा कुणी उभी केली, ठाऊक आहे? पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी, मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात. त्या परंपरेत आज खारघरला टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. आपल्या भागातले कितीतरी विद्यार्थी संयुगाची कुपी कुरियरनं तिथं पाठवतात. तिथं ते स्तनाच्या, फुप्फुसाच्या, तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर लावून, शेजारी अ‍ॅड्रियामायसिन हे जुनं औषध ठेवून, पेशींची वाढ निम्म्यावर यायला किती मात्रा लागते ते काढतात. मिलिलिटरला दहा मायक्रोग्रॅमच्या आत काम झालं तर संयुग क्रियाशील म्हणायचं, हा तिथला दंडक. या दंडकावर आपली बहुतेक संयुगं नापास होतात. नापास झाली तर झाली. नापास झाल्याचीही नोंद छापली पाहिजे, म्हणजे विट्याचा विद्यार्थी साताऱ्यानं तपासून टाकून दिलेला रेणू पुन्हा वर्षभर खपून बनवणार नाही.

त्यानंतर नाळेतल्या रक्तवाहिनीच्या पेशींनी जेलमध्ये नळ्या बांधणं थांबतं का, ते बघायचं. पारदर्शक झेब्राफिशच्या पिल्लात, मग उंदरात. शरीरात गेल्यावर संयुग किती वेळ टिकतं, यकृत त्याचं काय करतं, मूत्रपिंडाला इजा होते का. मग औषध नियंत्रकांची परवानगी, नीतिसमिती, आणि मग माणूस. आधी थोडे, मग शेकडो. यातल्या प्रत्येक पायरीवर बहुसंख्य उमेदवार गळतात.

एक उदाहरण आपल्या घरचं घेतो. सांगलीची हळद. हरिपूरच्या पेवांत, जमिनीखाली, वर्षानुवर्षं हळद साठवत. २००५च्या महापुरानं त्यातली कितीतरी पेवं गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेत दिलेलं पेटंट १९९७ साली रद्द झालं, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरनं ती लढाई जिंकली. आणि हळदीतलं कुरकुमिन प्राण्यांत नव्या रक्तवाहिन्या रोखतं, हे १९९८ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. एवढं सगळं खरं.

मग कुरकुमिन हे कर्करोगाचं औषध का झालं नाही? दिवसाला आठ ग्रॅम कुरकुमिन तोंडावाटे दिलं तरी रक्तात ते जेमतेम सापडतं. आतड्यात शोषलं जात नाही, जे शोषलं जातं ते यकृत लगेच बदलून टाकतं, आणि ते मुळात अस्थिर आहे. शिवाय प्रयोगशाळेत ते इतक्या प्रथिनांना चिकटतं, की प्रत्येक चाचणीत काही ना काही परिणाम दाखवतंच. २०१७ साली औषध-रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटानं सगळा पुरावा तपासून लिहिलं, की रुग्णांवरच्या एकाही काटेकोर, दुहेरी-अंध चाचणीत कुरकुमिन यशस्वी ठरलेलं नाही. हळदीच्या बाजारपेठेच्या गावात हे सांगणं अवघड आहे, पण सांगायलाच हवं; कारण गाठ लहान असताना, शस्त्रक्रियेनं बरी होण्याजोगी असताना, हळदीच्या गोळ्यांवर विसंबून सहा-सहा महिने घालवलेले रुग्ण मिरजेच्या डॉक्टरांसमोर येऊन बसतात. इथं बसलेले डॉक्टर मान डोलावत आहेत, मला दिसतंय.

उतावीळपणा फक्त आपल्याकडंच असतो, असं मात्र नाही. मे १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या दैनिकानं फोकमन यांच्या प्रयोगशाळेतल्या एंडोस्टॅटिनची बातमी पहिल्या पानावर छापली. ते औषध तयार करणाऱ्या कंपनीचा शेअर एका दिवसात कुठल्या कुठं गेला, आणि देशभरातून रुग्णांच्या नातेवाइकांचे फोन सुरू झाले. फोकमन स्वतः परोपरीनं सांगत होते, की अजून हे फक्त उंदरांत सिद्ध झालं आहे. पुढं माणसांवरच्या चाचण्यांत अमेरिकेत एंडोस्टॅटिनला ते यश लाभलं नाही.

याउलट गोष्ट थॅलिडोमाइडची. १९५७ साली जर्मनीत झोपेचं निर्धोक औषध म्हणून ते विकायला आलं, गरोदर स्त्रियांनी घेतलं, आणि हजारो मुलं हातपायांविना जन्मली. १९६१ साली ते बाजारातून गेलं. जगानं ज्याचं नाव टाकलं होतं, त्या औषधाचा १९९४ साली फोकमन यांचे सहकारी रॉबर्ट डामाटो यांनी पुन्हा विचार केला: हातपाय वाढले नाहीत, ते वाहिन्या फुटल्या नाहीत म्हणून तर नसेल? सशाच्या डोळ्यात चाचणी केली. थॅलिडोमाइडनं वाहिन्या रोखल्या. १९९९ साली डॉ. सीमा सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगाच्या ८४ रुग्णांवरचा अनुभव छापला. सगळे उपाय थकलेले रुग्ण होते ते; त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत रोग मागं हटला. पुढं २०१० नंतर कळलं, की मायलोमात या औषधाचं मुख्य काम रक्तवाहिनीवर नाहीच. ते पेशीतल्या सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला धरतं. तर्क अर्धा चुकला, औषध मात्र खरं ठरलं. कशामुळं? रुग्णांवर चाचणी झाली, आणि ती प्रामाणिकपणे मोजली गेली, म्हणून. आणि हेही विसरू नका: वाहिनी रोखणारं औषध गर्भालाही रोखतं. आपल्या प्रयोगशाळेत असं संयुग हाताळणाऱ्या मुलींना हे पहिल्या दिवशी सांगितलं गेलं पाहिजे.

आता आपल्या डोंगरांकडं वळतो. महाबळेश्वर-कोयनेच्या रानात नरक्या नावाचं झाड आहे. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असतं, आणि त्यापायी चोरट्या तोडीनं त्याची वाताहत झाली आहे. हे कॅम्प्टोथेसिन पहिल्यांदा १९६६ साली एका चिनी झाडातून वेगळं केलं, ते मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या जोडीनं. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. टॅक्सॉलसुद्धा याच जोडीनं शोधलं. कॅम्प्टोथेसिन जसंच्या तसं देता येईना, फार विषारी. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूत बदल केले आणि इरिनोटेकॅन तयार झालं.

हे सगळं मी इथं का सांगतो आहे? रक्तवाहिनी रोखणारं पहिलं मोठं औषध, बेव्हॅसिझुमॅब, फेब्रुवारी २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झालं. ज्या चाचणीवर ते मंजूर झालं, त्यात ते एकटं दिलेलं नव्हतं; इरिनोटेकॅन असलेल्या औषधयोजनेला जोडून दिलं होतं. नुसत्या त्या योजनेवर रुग्ण मध्यकानुसार १५.६ महिने जगले, बेव्हॅसिझुमॅब जोडल्यावर २०.३ महिने. फोकमन यांनी १९७१ साली मांडलेल्या कल्पनेचा हा तेहतीस वर्षांनंतरचा हिशेब: पावणेपाच महिने. कुणी म्हणेल, एवढंच? ज्या घरात मुलीचं लग्न ठरलेलं आहे किंवा नातू होऊ घातला आहे, त्या घराला विचारा पावणेपाच महिने म्हणजे काय. पण या आकड्याला ‘इलाज सापडला’ असंही म्हणू नका. गाठ कालांतरानं दुसरे मार्ग काढते. हेच औषध २००८ साली स्तनाच्या कर्करोगासाठी घाईनं मंजूर झालं होतं. गाठीची वाढ काही काळ थांबली, पण बायका जास्त जगल्या नाहीत, आणि २०११ साली ती मंजुरी काढून घेतली गेली. रक्तदाब चढतो, जखम भरत नाही, क्वचित आतड्याला छिद्र पडतं. आपल्या देशात शिकून गेलेले राकेश जैन यांनी तर अशी मांडणी केली, की ही औषधं वाहिन्या मारण्यापेक्षा काही काळ त्यांना वळणावर आणतात, आणि तेवढ्या काळात दुसरं औषध गाठीच्या आत नीट पोचतं. अंड्यातली ती फिकट, मोकळी जागा आठवा. माणसाच्या शरीरात गोष्ट इतकी सरळ नसते.

आता पैशाचं बोलतो, कारण रुग्णाचा पहिला प्रश्न तोच असतो. सोराफेनिब ही गोळी याच घराण्यातली. मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगात देतात. मूळ कंपनीची भारतातली किंमत २०१२ साली महिन्याला दोन लाख ऐंशी हजार रुपये होती. उसाच्या बिलावर जगणाऱ्या शेतकऱ्याला हा आकडा सांगायचा तरी कसा? मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईतून देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला. हैदराबादच्या नॅटको कंपनीनं तेच औषध महिन्याला नऊ हजारांच्या आत द्यायचं आणि मूळ कंपनीला स्वामित्वशुल्क भरायचं. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय कायम केला. त्या गोळीतला रेणू दोन्ही ठिकाणी तोच. बदलला तो कागद. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पेटंटचा कायदाही शिकावा, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

आणि याहून मला मोलाचं वाटतं ते परळचं काम. आपल्या भागातला मोठा शत्रू तोंडाचा आणि घशाचा कर्करोग. तंबाखू, मिश्री, गुटखा. रोग पसरल्यावर शिरेतून सिसप्लॅटिन देण्याचा प्रघात. त्यासाठी दर तीन आठवड्यांनी मुंबई गाठायची, सलाइन लावून बसायचं. २००० साली फोकमन यांच्याच प्रयोगशाळेतून एक निराळा विचार पुढं आला होता: जुनंच केमोथेरपीचं औषध मोठ्या मात्रेत, मधे मोठी विश्रांती घेऊन देण्याऐवजी लहान मात्रेत, खंड न पाडता दिलं, तर त्याचा घाव गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांवर बसतो. टाटा रुग्णालयात डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष यांच्या गटानं हा विचार उचलला. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदा, आणि सेलेकॉक्सिब ही सांधेदुखीची गोळी रोज दोनदा. दोन्ही औषधं जुनी, स्वस्त, कोणत्याही गावात मिळणारी. ४२२ रुग्णांची चाचणी. निम्म्यांना या गोळ्या, निम्म्यांना सिसप्लॅटिन. २०२० साली निकाल छापला: गोळ्यांवरचे रुग्ण मध्यकानुसार ७.५ महिने जगले, सिसप्लॅटिनवरचे ६.१ महिने. गंभीर त्रास गोळ्यांच्या गटात १९ टक्क्यांना, सिसप्लॅटिनच्या गटात ३० टक्क्यांना.

आकडे लहान आहेत. हे रुग्ण बरे होणारे नव्हते. पण विचार करा: जास्त जगले, कमी त्रासात जगले, स्वस्तात जगले, आणि उरलेले महिने घरी, आपल्या माणसांत काढू शकले. नवा रेणू एकही नाही. जे केलं ते नीट तुलना करून, शेवटपर्यंत मोजून केलं. जगातल्या श्रीमंत देशांना अशा चाचणीत रस नव्हता, कारण या गोळ्यांत कुणाचा नफा नाही. ही चाचणी आपल्या राज्यात, आपल्या रोग्यांसाठी झाली, याचा अभिमान हळदीच्या मानांकनाइतकाच बाळगावा.

मग सातारा-सांगलीनं काय करावं? मोठी औषध कंपनी आपण काढू शकत नाही. आपल्याजवळ आहे ते असं: दोन्ही जिल्ह्यांत रसायनशास्त्राचे जुने विभाग आहेत, सांगलीचं विलिंग्डन महाविद्यालय रयतेच्याच वयाचं, १९१९ सालचं. प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, त्यांना अंड्यावर काम करता येतं. मिरजेला डॉ. वानलेस यांच्या काळापासून, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षं, वैद्यकाची परंपरा आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कर्करोगाची रुग्णालयं आहेत. कराडला कृष्णा रुग्णालय आहे. साताऱ्याहून मिरज अडीच-तीन तासांच्या अंतरावर. तरीही संयुग बनवणारा आणि रुग्ण तपासणारा एका टेबलाशी बसलेले मी फार क्वचित पाहिले आहेत.

याचं कारण माणसांत नाही, नियमांत आहे. बढतीला शोधनिबंधांची संख्या लागते. दहा नवी संयुगं, एक चाचणी, एक निबंध. पुढच्या वर्षी दुसरी दहा. त्या पहिल्या दहांतलं एखादं खरंच चांगलं असेल, तर त्याच्याकडं पुन्हा वळून बघायला कुणाला वेळ आहे? विद्यार्थ्याची पदवी झाली, कुपी फ्रीजमध्ये राहिली, लेबल पुसलं, संपलं. विद्यापीठानं, संस्थांनी हा हिशेब बदलावा. दुसऱ्या कुणाचा प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्याला, नकारार्थी निकाल छापणाऱ्याला गुण मिळाले पाहिजेत.

म्हणून आज इथं बसलेल्या प्राचार्यांना, विभागप्रमुखांना आणि मिरज-कराडच्या डॉक्टरांना माझी विनंती आहे. दोन्ही जिल्ह्यांतल्या विभागांनी मिळून आजवर अंड्यावर तपासलेल्या सगळ्या संयुगांची, जमलेल्या आणि न जमलेल्या, एकच सामाईक यादी करा आणि ती सर्वांना खुली ठेवा. त्यातली मोजकी दोन-तीन निवडा. एका महाविद्यालयानं बनवलेलं संयुग दुसऱ्यानं, नाव न सांगता आलेल्या कुपीतून, पुन्हा तपासावं. टिकलं तर खारघरला पाठवा. तिथंही टिकलं तर पुढं न्यायला पैसा मागायला आपण सगळे मिळून जाऊ, मी स्वतः तुमच्याबरोबर येईन. ज्यांना नवा रेणू बनवायचा नसेल, त्यांनी मिरजेच्या वॉर्डात डॉक्टरांशेजारी बसून जुन्या स्वस्त गोळ्यांच्या चाचण्यांच्या नोंदी नीट ठेवाव्यात. ते कामही तितक्याच तोलाचं आहे.

आणि सभागृहातल्या इतर सगळ्यांना एवढंच: तोंडात भरत नसलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, स्तनात गाठ, आवाजात टिकून राहिलेला घोगरेपणा, असं काही दिसलं तर दोन आठवड्यांहून जास्त थांबू नका. हळद भाजीत घाला, आणि तपासणीला मिरजेला किंवा जवळच्या जिल्हा रुग्णालयात जा.